चौदा नंबरची पोच

धाकू घाडींना मालक या जमातीचा भयंकर राग. मुलुंडच्या चंद्रोदय चाळीच्या मालकाने खोल्यांचं भाडं दोनशे चाळीसवरून एकदम तीनशे दहा केल्याची चिठ्ठी दारादारांवर चिकटवली, त्या दिवशी धाकूकाकांनी जेवण सोडलं होतं. म्हणजे रात्रीचं. दुपारचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाडेकरू संघ काढला, आठवड्याभरात कायद्याचं पुस्तक पाठ केलं आणि दोन महिन्यांत मालकाला चिठ्ठी मागे घ्यायला लावली. तेव्हापासून चाळीच्या गणपतीच्या खोलीत दर रविवारी सकाळी बाहेरच्यांनाही फुकट सल्ला मिळतो. दारावर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'घर राहणाऱ्याचं, मालक नुसता नावाचा.'

संघाचा एक रिवाजही काकांनीच पाडलेला. मालकाला पत्र पोस्टाने धाडायचं नाही. आधी ते सभेत मोठ्याने वाचायचं, मग अध्यक्षांनी पाच माणसं घेऊन लगोलग मालकाच्या दारात जायचं, कडी वाजवायची, "मालक आहेत का घरात?" असं खड्या आवाजात विचारायचं आणि पत्र हातात देऊन पोच म्हणून सही घ्यायची. "पोस्टाचं पाकीट मालक न फोडता फेकतो," काका सांगायचे. "दारातली पाच माणसं कशी फेकेल?"

आता एक गोष्ट चाळीत कुणाला ठाऊक नव्हती. काकांचा मुलगा अनिरुद्ध मस्कतला असतो, त्याने मुलुंड पूर्वेला वन-बीएचके घेतला, एवढं सगळ्यांना माहीत. पण तो फ्लॅट कुलूपबंद आहे, असं काका सांगायचे. कसलं कुलूप अन् कसलं काय! गेल्या जूनपासून विकी नावाच्या एजंटने तो भाड्याने लावला होता. व्यवहार काका बघायचे, भाडेकरूशी विकी बोलायचा; त्या बाईला काकांनी कधी पाहिलं नव्हतं, नावही विचारलं नव्हतं. आणि या जानेवारीत विकीने काकांचे कान फुंकले : "काका, समोरच्या टॉवरमध्ये तीस चाललंय यार, आपण चोवीसवर कशाला सडायचं?" काकांना कणकवलीच्या घराला चिऱ्याचं कुंपण घालायचं होतं. ते म्हणाले, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल तसं कर." माणसाला वाईट काम करायचं असलं की तो दुसऱ्याला योग्य वाटेल तसंच करायला सांगतो.

बायको, जया, तेव्हा भाकरी थापत होती. "त्या बाईचा पोर दहावीत आसा," ती मालवणीत म्हणाली. "परीक्षेच्या तोंडार खंय जातली ती?" काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जानेवारीतल्या त्या रविवारी सभेला तीसेक माणसं होती. मागच्या खुर्चीवरून एक बाई उठली. तिशीच्या पुढची, साडीवर हॉस्पिटलचा पांढरा कोट, डोळ्यांत झोप. म्हणाली, "मी रश्मी शिरसाट. नर्स आहे. मुलगी गार्गी दहावीला. दोन वर्षांचा करार आहे, सात महिने झालेत. मालकाने मधेच सहा हजार वाढवलेत. नाही दिले तर महिनाअखेर घर खाली करा म्हणतात."

काका पेटले. सवयीने पेटले, बिचारे. "अरे, कोण हा हरामखोर? करारात लिहिलंय ते भाडं! मुदतीआधी एक दमडी वाढवता येत नाही. काय समजतो काय स्वतःला?"

"मालक परदेशात असतो. एजंट सगळं बघतो. विकी म्हणून आहे."

काकांनी हातातला चहा खाली ठेवला. मुलुंडमध्ये विकी काय एकच आहे का, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"बाथरूम सहा महिने गळतंय, ते करत नाहीत," रश्मी सांगत होती. "आणि हे घर मिळायच्या आधी आडनाव ऐकून चार घरं अचानक 'आधीच गेलेली' निघाली होती, काका. यांनी आडनावावरून काही विचारलं नाही म्हणून किती बरं वाटलं होतं मला. आता परीक्षेला दीड महिना राहिलाय. पोरीला घेऊन कुठे फिरू?"

ते गळणारं बाथरूम काकांना टाइल्सच्या रंगासकट डोळ्यासमोर दिसलं. आडनाव विचारू नको, हे विकीला त्यांनीच बजावलं होतं. त्याचा त्यांना अभिमानही होता. वर त्या इमारतीतल्या भावापेक्षा दोन हजार जास्त लावले होते, ते सोडा.

आता गप्प बसणं हाच शहाणपणा होता. पण तीस माणसं बघत होती, आणि पहिल्या रांगेत संघाच्या चिटणीस शर्मिष्ठाबाई पेन उघडून बसल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं पोरांच्या वह्यांत खाडाखोड शोधलेली बाई. "सांगा अध्यक्ष, लिहून घेते," त्या म्हणाल्या.

काकांनी मजकूर सांगायला सुरुवात केली तो जरा मवाळ. 'कृपया विचार व्हावा' वगैरे. शर्मिष्ठाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अध्यक्ष, तब्येत बरी नाही का? मागच्या पत्रात तुम्ही 'लुटारू वृत्ती' लिहायला लावलं होतं."

"तेच लिहा," कुणीतरी मागून ओरडलं.

झालं, वाट लागली. 'लुटारू वृत्ती' आली. 'आईच्या अगतिकतेचा व्यापार' आला. 'करार संपेपर्यंत ठरलेलंच भाडं मिळेल आणि बाथरूमची दुरुस्ती पंधरा दिवसांत व्हावी' हेही आलं. सांगता सांगता काकांना नाइलाजाने पटू लागलं की पत्र उत्तम झालंय. त्यांनी खाली सही केली, संघाचा शिक्का उमटवला आणि घाईघाईने म्हणाले, "पत्ता नंतर टाकू. परदेशातला माणूस, ईमेल करू."

"ईमेल?" शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "आपला रिवाज काय? शिरसाट, करार आणलाय ना? त्यात मालकाचा इथला पत्ता असतोच."

रश्मीने पिशवीतून करार काढून दिला. "तिथेच हातापाया पडायला निघाले होते. वाटेत तुमची पाटी दिसली, म्हटलं आधी विचारून घ्यावं."

शर्मिष्ठाबाईंनी शाळेतल्यासारखं स्वच्छ वाचलं. "मालक, अनिरुद्ध धाकू घाडी. राहणार चंद्रोदय चाळ, खोली नंबर चौदा."

तीस माणसांनी एकाच वेळी काकांकडे पाहिलं. रश्मीला काही कळेना. ती म्हणाली, "जवळच आहे का ही खोली?"

"अगदी जवळ," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

काका पुटपुटले, "मालक तसा... नावाचाच आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. दादू शिंपी, ज्याची खोली काकांनी स्वतः कोर्टात भांडून वाचवली होती, तो चपला घालत उठला. "चला, काका. पाच माणसं लागतात ना? मी येतो." मग शर्मिष्ठाबाई आणि आणखी तिघं उठली. रश्मीही मागून निघाली.

गणपतीच्या खोलीपासून चौदा नंबर पस्तीस पावलांवर. काका आयुष्यात एवढा लांब रस्ता चालले नव्हते. मधेच वळून पळावं असं वाटलं, पण पळायचं तर कुठे? घरीच ना?

दाराशी ते थांबले. मागे पाच माणसं, हातात पत्र. बाजूला रश्मी पदराने चेहरा पुसून, हात जोडायच्या तयारीत उभी. तिचे ते जोडू पाहणारे हात बघून काकांना खरोखर लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिला हलकेच म्हटलं, "हात खाली घे, पोरी. मालकापुढे जोडायचे नसतात."

आणि कडी वाजवली.

जयाने दार उघडलं, हाताला पीठ. तिने नवऱ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, रश्मीच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

मागून शर्मिष्ठाबाई खाकरल्या. रिवाज बाकी होता. काकांनी मान खाली घातली, पण आवाज नेहमीसारखाच खडा काढला.

"मालक आहेत का घरात?"

"घरात नाय," जया म्हणाली. "दारात उभे आसत." मग तिने पदराला पीठ पुसलं, पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पेन मागितलं. "खंय सही करूची ता दाखवा."