पिशवी न फाडलेली चादर

मी चादर बोलतेय. सोलापुरीच. लाल, कडेला मोर. इतके दिवस गप्प होते, कारण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्याला कोण बोलू देतंय?

मला मागावर विणताना विणकर विरुपाक्ष शेजारच्याला म्हणाला होता, "बालगृहाची ऑर्डर हाय. जाड होऊ दे. पोरांना थंडी लई लागती." मला वाटलं, चला, कामाला येणार.

बालगृहात गठ्ठा पोचला तेव्हा थंडी पडलेली. आई-बाप गेल्यावर रुपालीला आणि धाकट्या बिरुदेवला सांगोल्याहून इथं आणून टाकलेलं. बिरू तापानं कुडकुडत होता. रुपालीनं पिशवीवरूनच मला हात लावला. "ही आपली," ती त्याला म्हणाली. पण अध्यक्ष भीमाशंकर अण्णांचा हुकूम होता, वाटप कार्यक्रमातच करायचं. फोटो काढून.

कार्यक्रम म्हणजे पिक्चर. कार्टूनचा, पण हसायचा नव्हे. बॉम्बनं पडलेलं शहर. आई-बाप मेलेली दोन भावंडं मोडक्या बसमध्ये राहतात, थिएटरचा जळका पडदा पांघरून झोपतात. खुर्च्यांवरची मोठी माणसं हुंदके देत होती. अण्णांचा रुमाल ओला झाला. खाली फरशीवर खरी पोरं एकमेकांना चिकटून बसली होती, तिकडं एकानंही मान वळवली नाही.

मग दिवे लागले, सत्कार सुरू झाले. आमच्याकडं पाहुण्याला चादर दिल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. पाहुणे जास्त निघाले. अण्णांनी पोरांचा गठ्ठा सोडला.

"अण्णा, ती आमची हाय," रुपाली म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता की."

"पावणे रिकाम्या हातानं जातील व्हय? तुला दुसरी येईल. टाळ्या वाजव."

"मग पिक्चरमधल्या पोरांना तरी द्या," बिरू म्हणाला. "त्यांच्यापायी लई रडला तुमी."

धनाजीराव नावाच्या पाहुण्यानं मला नेलं आणि कपाटात कोंबलं. तिथं माझ्यासारख्या ढीगभर, सगळ्या पिशवीत. अण्णांच्या एकसष्टीला त्यानं मला अण्णांनाच दिलं. अण्णांनी ओळखलंही नाही. ही माणसं जन्मभर एकमेकांना चादरी देत बसली, पांघरूण कुणाला घातलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच पिक्चर, तेच हुंदके. सत्काराचं ताट धरायला पोरगी लागतेच. रुपालीला स्टेजवर उभं केलं. ताटात मी, अण्णांच्या घरून तशीच पिशवीत परत आलेली. मला उचलून पाहुण्याला द्यायला अण्णांनी हात पुढं केला, तोवर तिनं दातानं पिशवी फाडली, माझी घडी मोडली, खाली उतरली आणि मला बिरूच्या अंगावर टाकलं.

"अगं ए, फाडलीस? आता ही कुणाला देता येईल?"

"न्हाय येत. म्हणूनच फाडली."

त्या संध्याकाळी तिला जेवायला दिलं नाही. मघाशी रडलेल्या माणसांनीच.

आता मी बिरूची. तो झोपेत मुततो, मला वास येतो, एका मोराचे धागे निघालेत. पण कपाटापेक्षा हे बरं.

ज्यांच्या कपाटात माझ्या बहिणी पडल्यात, त्यांनी ऐका. तुमचे हुंदके राहू द्या. फाडलेली पिशवी सत्काराला चालत नाही, एवढं मला कळलंय. उठा, कपाट उघडा आणि फाडा.