मिस्तरींचं उघडं पोट

लिफ्ट कधीही पडत नाही. माणसाने आजवर जी जी यंत्रं जन्माला घातली, त्यांत लिफ्टइतकं इमानी यंत्र दुसरं नाही. बायको रुसेल, पोरगा उलटून बोलेल, पण लिफ्ट दगा देणार नाही. हे मत लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्तरी कोणी विचारो न विचारो, सगळ्यांना ऐकवत आले होते. शेवटी त्यांनी ते सप्रमाण सिद्धही केलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती, ती तिथेच राहिली. पडले ते मिस्तरी.

लिफ्टच्या पोकळीतून खाली जाताना वाटेत एका लोखंडी पट्टीने त्यांना पोटात अडवलं आणि उरलेलं काम तळघराच्या फरशीने केलं. मांडीचं हाड मोडलं, फासळ्या गेल्या, प्लीहा फुटली, आतडं फाटलं. इस्पितळातल्या मोठ्या सर्जननी प्लीहा काढली, आतडं शिवलं, मांडीत सळई घातली. पोट मात्र मिटलं नाही. आत सूज फार होती.

"बॅग भरून झाली की आपण तिच्यावर बसून चेन लावतो ना," त्यांनी मिस्तरींच्या बायकोला समजावलं, "तसं पोटाचं करता येत नाही."

म्हणून पोट उघडं. वर स्पंज, त्यावर पारदर्शक कागद, त्यातून पाणी ओढून घेणारं एक यंत्र. श्वासाची नळी गळ्याला भोक पाडून, जेवणाची नळी नाकातून. मिस्तरी शुद्धीवर आले तेव्हा एखाद्या इमारतीत असतात तेवढे सगळे पाइप आपल्यात बसवलेले पाहून त्यांना कारागिरीबद्दल आदर वाटला. फक्त बोलता येईना. गळ्यातल्या नळीमुळे आवाज वरपर्यंत पोचतच नव्हता.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं सगळं ऐकून घेताय," बायको स्टुलावर बसत म्हणाली. "आधी कोणी सांगितलं असतं तर मीच ढकललं असतं."

मग तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मिस्तरींनी ते पाहिलं. ती तशी नजर चुकवणारी बाई नव्हती.

तिनेच एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मुळाक्षरं काढून आणली होती. मिस्तरींच्या डाव्या हाताचं एक बोट मोकळं होतं, ते एकेका अक्षरावर न्यायचं. काना-मात्रा तिने आपल्या मनाने लावायच्या. तिने तर पुढची वाक्यंही आपल्या मनाने लावायला सुरुवात केली होती, पण ती सवय जुनी होती.

एक दिवस तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, की पोट मिटायला उशीर झाला तर काय होईल.

"उघड्या पोटाच्या कडा रोज थोड्या थोड्या लांब सरकतात," सर्जन म्हणाले. "लवकर जुळल्या तर उत्तम. नाहीतर वर नुसती कातडी लावून सोडावं लागेल. मग जन्मभर पोट पुढे आलेलं. जड उचलायचं नाही, चढायचं-उतरायचं नाही."

"म्हणजे लिफ्टचं काम?"

सर्जननी प्रामाणिकपणे विचार केला. "लिफ्टने जाऊ-येऊ शकतील की."

मिस्तरींनी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा होता आणि त्याचं बेअरिंग घासत होतं. उठून बघायची सोय नव्हती.

आता पोट मिटायचं म्हणजे ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशनची तयारी रोज होत असे. पहाटे सिस्टर यायच्या आणि जेवणाचा पंप बंद करायच्या. "काका, आज तुमचा नंबर. पोट रिकामं हवं." मिस्तरी तयार. मग कुठूनतरी कोणीतरी मोटारसायकलवरून उडायचा, कोणावर भिंत कोसळायची, आणि त्याला आधी आत न्यावं लागायचं. यात कोणाचीच चूक नव्हती. तो मरत असायचा, मिस्तरी नुसते उघडे असायचे. दिवे लागले की सिस्टर परत. "आज नाही जमलं हं काका. उद्या नक्की." पंप सुरू, तोही हळूहळू, पोटाला झेपेल तसा. जरा कुठे रंगात येतोय तोवर पहाट.

पंपातून जे जायचं ते ओल्या चुन्यासारखं दिसायचं. बायकोला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"भिंतीला लावायचं का पोटात घालायचं हे?"

"यात सगळं आहे, मावशी," इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान, पण हिशेबाला पक्क्या. "प्रोटीन आहे, साखर आहे, तेल आहे."

"मी घरून सूप आणते. गाळून."

"नळी तुंबेल. आणि भांडण चवीचं नाहीच आहे. जेवढं जायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा जात नाही. एवढ्या मोठ्या जखमा भरायला शरीराला जळण लागतं. बाहेरून आलं नाही तर ते घरातल्या खुर्च्या जाळतं, मग कपाट, मग दारं. काकांच्या अंगातलं मांस चाललंय चुलीत."

मिस्तरींनी चादरीतून आपल्या मांडीकडे पाहिलं. मांडी त्यांची नव्हती. कुणातरी म्हाताऱ्याची होती आणि परत न्यायची राहून गेली होती.

त्या आठवड्यात एकदा ऑपरेशनच्या टेबलावर खरंच जागा झाली. सर्जन स्वतः आले, त्यांनी मिस्तरींचा दंड चिमटीत धरला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि मान हलवली.

"अंगावर काही राहिलेलं नाही. टाके धरणार नाहीत. आधी यांना नीट खाऊ घाला, मग मिटवू." जाता जाता ते वळले. "पण नाव यादीत राहू द्या. मधेच सुधारणा दिसली तर संधी हुकायला नको."

नाव यादीत राहिलं. यादीत नाव असलेल्याचा पंप पहाटे बंद होतो. तोही झाला.

अशक्त म्हणून ऑपरेशन नाही, ऑपरेशन म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून अशक्त. मिस्तरींना हा बिघाड ओळखीचा वाटला. दार म्हणतं, लिफ्ट मजल्याला लागल्याशिवाय मी उघडणार नाही. लिफ्ट म्हणते, दार नीट लागल्याशिवाय मी हलणार नाही. दोघंही नियमाने बरोबर. आत अडकलेला माणूस बटणं दाबत राहतो. बाहेरून मिस्तरी त्याला ओरडून सांगायचे, "पाचच मिनिटं, साहेब." आतून पाच मिनिटं केवढी दिसतात, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवलं असेल, पण आरडाओरडा करून, आणि आरडाओरडा करणाऱ्याचं मिस्तरी ऐकत नसत.

अशा वेळी दोन्हीपैकी कोण अडवतंय ते शोधायचं. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवलं.

"उ, प, श," बायको वाचू लागली. "उपाशी. हो हो, उपाशी आहात, कळलं. काय करू मी?"

मिस्तरींनी डोळे मिटले, उघडले आणि पुढची अक्षरं दाखवली. या खेपेला तिने शेवटपर्यंत दम धरला. उपाशी कोणी ठेवलं?

तिने आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं.

"मी दोघांनाही विचारलंय, मावशी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सर म्हणतात, भूल देणाऱ्या मॅडमचा नियम आहे. मॅडम म्हणतात, सर सांगतील तसं."

"मग दोघांना एकत्र विचारा."

"ते एकत्र कधी असतात?"

ते खरं होतं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ मॅडम एकमेकांना एवढा मान देत, की बोलायची वेळच येत नसे. ते एका दाराने यायचे, त्या दुसऱ्या दाराने जायच्या, मधे एक नमस्कार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन मिस्तरींच्या पायथ्याशी येऊन, "बघू, आज जमलं तर," असं म्हणून दाराकडे निघाले होते. मॅडम पलीकडच्या कोपऱ्यात एका पेशंटचा गळा तपासत होत्या. आहारतज्ज्ञ बाई बंद पंपाकडे बघत उभ्या होत्या. मिस्तरींच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला असे. त्यांनी शेजारच्या मोकळ्या बोटाने तो हळूच सरकवला. चिमटा चादरीवर पडला.

यंत्र बोंबललं. दिवा लाल झाला. सिस्टर धावल्या, सर्जन दारातून मागे फिरले, मॅडम कोपऱ्यातून आल्या, आणि एका क्षणात सगळं इस्पितळ मिस्तरींच्या पलंगाभोवती उभं होतं. लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजल्यावर एवढी माणसं जमलेली मिस्तरींनी कधी पाहिली नव्हती.

"चिमटा निघालाय नुसता," सिस्टरनी तो लावला. "काय हो काका."

सगळे पांगणार, तेवढ्यात बायकोने पुठ्ठा उचलून सर्जनच्या छातीशी धरला.

"हे विचारतायत, उपाशी कोणी ठेवलंय. कालपासून एकच धोशा."

सर्जन समजूतदारपणे हसले. "मिस्तरी, तो भुलीचा नियम आहे. पोटातलं अन्न छातीत उतरू नये म्हणून. मॅडमची काळजी."

"माझी?" मॅडम म्हणाल्या. "यांच्या गळ्यात फुगा असलेली नळी आहे. छातीची वाट बंद आहे. बोलावणं येईपर्यंत जेवण चालू ठेवलं तरी माझी हरकत नव्हती. मला वाटलं, तुम्हाला आतडं रिकामं हवंय."

"मला? नाही बुवा. आतडं केव्हाच जुळलंय. मी आपला तुमचा नियम म्हणून..."

"आणि मी तुमचा म्हणून."

आहारतज्ज्ञ बाईंनी घसा साफ केला.

"मग चालू ठेवू? बोलावणं येईपर्यंत? आणि जेवढं बुडलं तेवढं दिवसात वेग वाढवून भरून काढू?"

"अर्थात," सर्जन म्हणाले.

"ते तर उघडच आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो नवा नियम म्हणून वॉर्डात लागला, खाली सर्जनची सही. मॅडमनी अभिनंदन केलं. आहारतज्ज्ञ बाईंनी फक्त पंपाचा आकडा वाढवला आणि त्या बाहेर जाऊन पाणी प्यायल्या.

जळण आत जाऊ लागलं तशी खुर्च्या जाळण्याची गरज संपली. पण कडा वाट पाहत थांबल्या नव्हत्या. स्पंज बदलताना सर्जन आत डोकावायचे आणि काही बोलायचे नाहीत. मिस्तरींना ते न बोलणं ओळखीचं होतं. जुना दोर तपासताना तेही मालकासमोर असंच गप्प राहत. बायकोने थट्टा बंद केली, तेव्हा तर त्यांची उरलीसुरली हिंमत गेली. जुळणार की कातडी लावून सोडणार, हे आत गेल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कळेल तेव्हा ते स्वतः झोपलेले असणार होते.

शेवटी 'जमलं तर' नव्हे, ठरवून ऑपरेशनला नेलं. पंप बोलावणं येईपर्यंत चालू होता.

जाग आली तेव्हा बायको स्टुलावर होती. तिने काही न विचारता सांगितलं, "जुळलं. जरा ओढूनताणून. डॉक्टर म्हणाले, घाई केली नाहीत तर वर्षाने पुन्हा चढाल." मग म्हणाली, "चढून दाखवाच. तंगडी मोडते." मिस्तरींनी तिचा हात धरला. तिने तो बराच वेळ तसाच राहू दिला, हे विशेष.

जखम धरली. श्वासाचं यंत्र निघालं. मग एका सकाळी गळ्यातल्या नळीवर आवाजासाठी एक छोटी झडप बसवली. सर्जन शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, नव्या नियमावर विशेष भर दिला, जखमी माणसाला उपाशी ठेवणं ही कशी घोडचूक आहे ते पटवलं आणि पलंगाच्या कडेला रेलून मिस्तरींकडे वळले.

"बोला मिस्तरी. एवढ्यातून बाहेर आलात. काय वाटतं?"

घोळका वाकला. बायकोने पुठ्ठा मांडीवर पालथा ठेवला. मिस्तरींनी ओठ हलवले, खरखर झाली, मग आवाज आला.

"डॉक्टर, तुमचं कोपर. माझ्या जेवणाच्या नळीवर आहे. जरा उचलता का?"