उजव्या डोळ्याची परीक्षा

रक्तातल्या साखरेनं यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर सूज आणली, त्याला आता दोन वर्षं झाली. शंकर नगरच्या डॉक्टर नीलिमांनी डाव्या डोळ्यात दर महिन्याला सुई द्यायचं ठरवलं. उजव्याला नुसता लेझर. कोणत्या इलाजानं जास्त दिसतं ते चार महिन्यांनी बघू, असं त्या म्हणाल्या.

चार महिने झाले. फोटोत उजवीकडची सूज तशीच होती, पण यांनी एकेक डोळा झाकून दोन्हींनी तक्त्याच्या सात ओळी घडाघडा वाचल्या. इतकं छान दिसतंय तर उजव्याला सुई नको, थांबून बघू, असं डॉक्टरांनी ठरवलं. हे खुशीत. मला काहीच वाटलं नाही. गेलं वर्षभर मला फारसं काही वाटतच नाही. थेंब टाकायचे, गोळ्या काढून द्यायच्या, रिक्षा बोलवायची, झालं.

त्याच आठवड्यात कचरा गेला म्हणून यांनी डावा डोळा रुमालानं झाकला होता, आणि दारात उभ्या शांतावहिनींना दूधवाला समजून पातेलं पुढं केलं. वहिनी हसल्या. मी हसले नाही. उघडा होता तो उजवा डोळा.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या बाकावर मी यांच्याकडेच बघत बसले. आत दुसरा पेशंट मोठ्यानं अक्षरं वाचत होता आणि इकडे यांचे ओठ हलत होते. हे रेल्वेत गार्ड होते. नजरेत नापास झालेल्याला गाडीवरून उतरवून ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवत. त्या धास्तीनं हे दर तपासणीआधी अक्षरं घोकायचे. तेव्हा नजर घारीसारखी, घोकायची गरजच नव्हती. पण जित्याची खोड.

मी हळूच विचारलं, "अहो, इथं पास होऊन काय भेटते तुम्हाले?"

"नापास झालो त म्हणतील, या म्हाताऱ्यावर इलाज चालत नाही. सोडून देतील मले," हे म्हणाले. "तू काही बोलू नको, इंदू."

पाणी पिऊन येते असं सांगून मी उठले आणि आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. नवऱ्याची चुगली केली, तरी जिवाला काही लागलं नाही.

मग यांना आत बोलावलं. डावा डोळा झाकला. समोर दुसरा तक्ता लावला होता, सगळा आकड्यांचा.

"ई," यांनी सुरुवात केली. "एफ, पी. टी, ओ, झेड."

डॉक्टरांनी अडवलं नाही. समोर आकडे होते आणि हे ताठ बसून अक्षरं म्हणत राहिले, एकही न चुकता, सातव्या ओळीपर्यंत. मग मी उभी होते त्याच्या जराशा बाजूला बघत त्यांनी विचारलं, "पास ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून सगळ्यांसमोर रडायला लागले. डॉक्टर उजव्या डोळ्याची सुई लिहीत होत्या. गेलेली नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणाल्या.