पेवातली काळी ज्वारी

सकाळपासून मारुतीच्या पारापुढं माणसांची दाटी झाली होती. पारावर अकरा मेलेल्या कोंबड्या ओळीनं मांडल्या होत्या. भुजंग महाराजानं एकीचं पोट फाडून काळीज वर धरलं. ते हळद फासल्यासारखं पिवळं आणि फुगलेलं होतं.

"करणीनं खाल्लंय काळीज!" महाराज गरजला. "पाथरीची हाडळ बांधली, सेलूची जखीण बांधली, राहिली ती ही कोंबडीखाई! आज कोंबडी, उद्या लेकरू!"

त्यानं सुरीनं लिंबू कापलं. लालभडक रस ठिबकला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"कुनाच्या कोंबड्या मरंनात, तेवढं सांगा. तिथंच मूळ," महाराज पुढं म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा मालनबाईकडं वळल्या. बौद्धवाड्यातली ही एकटी विधवा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव आधीच दुभंगलेलं. आता निमित्त सापडलं.

"अमावास्येच्या आत गाव सोड," सरपंच माणिकराव म्हणाले.

चौथीच्या वर्गाच्या शिक्षिका कुसुमबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. अमावास्या नऊ दिवसांवर होती, आणि चार-दोन पोरं आत्ताच हातात दगड घेऊन मालनबाईच्या कुडाच्या घराकडं बघत होती.

शाळेत त्यांनी मुलांना विचारलं, "तुमच्या कोंबड्या खातात काय?"

"पेवातली ज्वारी, बाई," माणिकरावांची मुलगी मनकर्णा म्हणाली. "औंदा पाऊस लय झाला, जमिनीत पानी मुरलं. सगळ्यायच्या पेवातली ज्वारी काळी पडली. अन्न उकिरड्यावर टाकू नये म्हनून आई कोंबड्यांला टाकायलीय."

मालनबाईकडं धान्य साठवायला जमिनीत खणलेलं पेवच नव्हतं. ती झरीच्या बाजारातून आठवड्यापुरती ज्वारी आणी. तिच्या कोंबड्या किडे टिपून जगत.

दुसऱ्या दिवशी कुसुमबाई पारावर गेल्या. "महाराज, मालनबाईच्या चार कोंबड्या शाळेत ठेवते. दोघींच्या पायात तुमचा गंडा बांधा. त्यांना पेवातली ज्वारी घालीन, बाकी दोघींना बाजारातली."

"गंडा असल्यावर दगडही पचतो, बाई!" महाराज हसला आणि गंडे बांधले.

"मरतील की वो माझ्या," मालनबाई हळूच म्हणाली.

"दोन मरतील, मालनबाई."

तिनं एकेका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "घ्या. मी गेल्यावर त्यांला कोन बघनार?"

सहाव्या दिवशी गंडेवाल्या कोंबड्या पंख फुगवून कोपऱ्यात बसल्या. आठव्या दिवशी दोन्ही मेल्या. बाकीच्या दोन अंगण उकरत होत्या. ते ऐकून महाराजानं सकाळचीच एसटी गाठली.

कुसुमबाईंनी लोकांसमोर मेलेली कोंबडी कापली. काळीज पिवळं होतं. मग त्यांनी लिंबू कापलं. लाल रस ठिबकला.

"आँ! बाई, तुमालाबी इद्या येती?" कुणीतरी ओरडलं.

"सुरीला जास्वंदीचं फूल चोळून वाळवलंय. लिंबाच्या आंबट रसानं ते लाल होतं. विद्या एवढीच." त्यांनी काळी ज्वारी ओंजळीत घेतली. "आणि करणी ही. ओलीनं धान्याला बुरशी धरते, ती विष सोडते. हे काळीज म्हणजे यकृत, ते बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. या पेशी राबतात म्हणून जीव चालतो. विषानं त्यांचं काम थांबतं, त्यांच्यात चरबी साठते, काळीज पिवळं पडतं."

माणिकरावांनी मान खाली घातली. तेवढ्यात मनकर्णा म्हणाली, "बाई, काळी तेवढी कोंबड्यांला. त्यातलीच जरा बरी दिसती ती आई धुवून दळती. भाकरीला."

बायकांनी आपापली लेकरं जवळ ओढली.

"हे विष धुवून, भाजून जात नाही," कुसुमबाई सावकाश म्हणाल्या. "आजपासून त्या पेवातला एक दाणाही खाऊ नका. लेकरांना परभणीच्या दवाखान्यात दाखवा."

मालनबाईनं उरलेल्या दोन कोंबड्या काखेत घेतल्या. "माणिकराव, उद्या एखादं लेकरू आजारी पडलं, तर दगड घेऊन माझ्याच दारात येनार का?"

उत्तर दिलं ते कुसुमबाईंनी, आणि मोठ्यांकडं नव्हे, मुलांकडं बघून:

"कुणी मेलं की 'कुणी केलं' असं विचारायची घाई करू नका रे. आधी विचारा, त्यानं खाल्लं काय होतं?"