सुपारी फुटण्याआधी

पुष्पलतेने रसायनशास्त्राची पदवी घेऊन कायद्याच्या सकाळच्या वर्गात नाव नोंदवले, तेव्हा करारांच्या कायद्याचे तास मनोहरराव घेत. पिवळ्या पडलेल्या वहीतून ते मजकूर सांगत आणि वर्ग तो मुकाट्याने उतरवून घेई. त्यांतले एक तरी वाक्य त्यांनी कधी पडताळून पाहिले असेल, असे तिला वाटत नसे. आज तेच धरमपेठेतल्या तिच्या घरी तिला पाहायला आले होते.

पोहे संपले. मनोहररावांच्या काकांनी सुपारी पुढे ठेवली. ती फुटली, की लग्न पक्के.

"पोरगी तं काही बोलून नाही राहिली गा," काका म्हणाले.

"काहून बोलन ते? गप्प आहे म्हणजे हो समजा," तिच्या वडिलांनी सांगितले.

मनोहररावांनी समाधानाने मान डोलावली.

"सर," पुष्पलता म्हणाली, "मौन म्हणजे स्वीकृती नव्हे, हे सोमवारी तुम्हीच वर्गात लिहायला सांगितलं."

"ते परीक्षेपुरतं असते," मनोहरराव हसले.

स्वतः शिकवलेल्या वाक्यावरही ज्याचा विश्वास नाही, त्याच्या शब्दावर आयुष्य सोपवण्यास तिला काहीही आधार दिसेना. तिने सुपारी उचलून काकांच्या हातात परत ठेवली.

"नाही म्हणते, काकाजी. हे मात्र बोलून सांगते."