पिंपावरून उतरलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. सध्या माझा रंग पिवळा आहे, पण तो मी मागितलेला नाही. माझा खरा रंग गडद निळा. नीट पाहिलेत तर सीटच्या खाली आणि सांध्यांच्या कोपऱ्यांत तो अजून दिसेल. ज्यांनी मला पिवळे फासले त्यांनी काम घाईघाईत उरकले, एवढे एकच पुण्य त्यांच्या नावावर आहे.

माझा जन्म सेंट-एतिएन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पोलादी नळ्या पितळ ओतून जोडत आणि सांधा कानशीने इतका घासत, की बोट फिरवून तो कळू नये. मला घडवणाऱ्या कारागिराला माझी मागणी विचित्र वाटली. फ्रेम बुटक्या माणसाची हवी होती, पण वर सरळ आडवी दांडी, खाली वाकलेले शर्यतीचे हँडल आणि गिअर.

"धाकट्या भावासाठी का?" मागणी घेऊन आलेल्या मुलीला त्याने विचारले.

"मला भाऊ नाही."

"मग दांडी कशाला? बायकांच्या सायकलला दांडी नसते. स्कर्ट घालून आरामात बसता येतं. पुढे छानशी टोपली लावून देतो."

"टोपलीत काय ठेवू? तुमचं डोकं?"

ही माझी मालकीण, एलियेत. पुइसोल गावच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. गाव मिदीच्या कालव्याला लागून आहे. एका अंगाला संथ हिरवे पाणी, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षाच्या ओळी. तिथे मी पोचले तेव्हा माझी दांडी साऱ्या गावाच्या डोळ्यांत खुपली. पायऱ्यांवर वाटाणे सोलत बसणाऱ्या बायकांनी नाके मुरडली. वडील म्हणाले, "हिच्यावर टांग टाकून गावातून जाणार तू?" ती म्हणाली, "गावातून कशाला, गावाबाहेरही जाईन." आणि ती गेली.

गावात सायकलवाल्या पुरुषांचे एक मंडळ होते. दर रविवारी ते काळ्या डोंगराची चढण चढायला निघत. एलियेतने विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले नाही, नुसते हसले. "ये की. पण मागे पडलीस तर आम्ही थांबणार नाही हं." त्या रविवारी चढणीवर मी एकेकाला मागे टाकत गेले. होय, मी. पाय तिचे होते, हे मान्य, पण तिच्या पायांतले बळ वाया न घालवता रस्त्यावर उतरवले ते मी. माथ्यावरच्या पाण्याच्या कुंडाजवळ आम्ही पोचलो, तिने पाणी प्यायले, डबा उघडून पाव आणि सॉसेज खाल्ले, आणि मग पहिला पुरुष धापा टाकत वर आला. "तुम्ही थांबणार नव्हतात," ती म्हणाली, "म्हणून मीच थांबले." पुढच्या रविवारी कोणी हसले नाही.

मित्रांनो, मी नुसती रविवारची सायकल नव्हते. एलियेतचे लग्न झाले, मुलगा झाला, पुढे नवरा देवाघरी गेला आणि बाग तिच्या एकटीच्या अंगावर पडली. हिवाळ्यात छाटणीला जाताना कात्री तिच्या पाठीवरच्या खिशात असे आणि आम्ही कालव्याकाठच्या पायवाटेने जात असू. आमच्याकडचा वायव्येचा वारा माणसाला बोलूही देत नाही. तो समोरून आला की ती हँडलवर वाकायची आणि दात आवळून त्याला शिव्या घालायची. वाऱ्याने कधी माघार घेतली नाही, पण आम्हीही नाही. बागेच्या टोकाच्या खांबाला मला टेकवून ती दिवसभर वेली छाटी. तोडणीच्या दिवसांत माझ्या हँडलला इतका रस लागे की गांधीलमाश्या माझ्यावर मुक्काम ठोकत.

पुढे कालव्याकाठी पाहुणे येऊ लागले. त्यांच्या सायकली काळ्या, हलक्या, एका बोटाने उचलता येतील अशा. ते मला पाहून थांबत आणि म्हणत, "किती गोड आहे ही!" गोड? मी पोलादाची आहे. लाडूला म्हणा गोड.

मग एका पावसाळी सकाळी चिनाराच्या मुळावर माझे पुढचे चाक घसरले आणि एलियेत पडली. तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिला बेझिए शहरातल्या इस्पितळात नेले आणि मला अवजारांच्या खोपटात भिंतीशी उभे केले. चाकांतली हवा गेली. चेन तांबडी झाली. कोळ्याने माझ्या आऱ्यांत घर केले, आणि खरे सांगते, त्या दिवसांत तेवढीच काय ती सोबत होती. मला वाट पाहण्याचे दुःख नव्हते. ती येईल याची मला खात्री होती.

पण आधी आली मोरिसेत. ही गावच्या उत्सव समितीची अध्यक्ष, एलियेतच्याच वर्गात शिकलेली, आणि दोघींचे पहिल्या इयत्तेपासून विळ्याभोपळ्याचे सख्य. त्या उन्हाळ्यात सायकलींची मोठी शर्यत आमच्या गावातून जाणार होती. आमच्याकडे अशा वेळी गावातल्या जुन्या सायकली गोळा करतात, पिवळ्या रंगवतात, त्यांवर फुले लावतात आणि चौकातल्या गोल हिरवळीत मांडतात. टीव्हीवाले वरून हेलिकॉप्टरमधून दाखवतात म्हणून. एलियेतचा मुलगा झिल खोपट उघडून म्हणाला, "घेऊन जा. आई आता कुठली सायकलवर बसतेय?"

मित्रांनो, मला रंगाची भीती का वाटते ते सांगते. आमच्या कालव्याकाठचे चिनार रोगाने मरत आहेत. ज्या झाडाच्या बुंध्यावर रंगाची खूण उमटते, ते पुढच्या हंगामात उभे दिसत नाही. म्हणून ब्रश माझ्या दांडीवर टेकला तेव्हा मी काय समजायचे ते समजले. चेनही रंगवली. पेडल फिरू नयेत म्हणून तारेने आवळले. हँडलला जिरेनियमच्या कुंड्या टांगल्या आणि दारूच्या एका रिकाम्या पिंपावर मला बोल्टांनी ठोकून बसवले. खाली आणखी सायकली होत्या. पोस्टमनची होती, पोरांच्या मोडक्या होत्या. "छान दिसतो आपण," त्या म्हणत. मी त्यांना दोष देत नाही. पण मी त्यांच्यातली नव्हते.

गावाला ती सजावट एवढी आवडली की ती कायमचीच ठेवायचे ठरले. म्हणजे सगळ्या सायकलींची चाके आणि माझे पिंप सिमेंटमध्ये पुरायचे.

एलियेत घरी परत आली ती झिलच्या गाडीतून, काच खाली करून. गाडी चौकाला वळसा घालून निघाली तोच मला तिचा आवाज ऐकू आला.

"परत फिरव."

"काही विसरलं का?"

"परत फिरव म्हणते ना."

झिलने पुन्हा एक चक्कर मारली. मग आणखी एक. गावात एवढ्या बुटक्या फ्रेमला दांडी असलेली सायकल एकच होती. तिने गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत हिरवळीत आली. फुलांना पाणी घालत असलेली मोरिसेत तिथेच होती.

"ही माझी आहे," एलियेत म्हणाली.

"तुझ्याच मुलानं दिलीय. आणि बघ तरी, कशी नटलीय."

"आई, तू परत पडशील," झिल म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"पडू नका म्हणाले. बसू नका असं नाही म्हणाले."

"बेझिएला माझ्या घराजवळ तुझ्यासाठी खोली बघितलीय मी. लिफ्ट आहे, खाली बेकरी आहे. बाग देऊ खंडानं कुणाला तरी."

एलियेतने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "हिला पिंपावर चढवलंस," ती म्हणाली, "आणि मला लिफ्टमध्ये. कुंड्या कुठे टांगणार आहेस माझ्या?"

 झिल वाईट मुलगा नाही, मित्रांनो. चिखलात पडलेल्या आईला त्यानेच उचलले होते. पण त्या दिवशी मला त्याचा मनापासून राग आला.

"शर्यत झाली की बघू," मोरिसेत म्हणाली. सिमेंट दुसऱ्याच दिवशी सकाळी ओतायचे होते हे तिने सांगितले नाही. ते एलियेतला पाववाल्याकडून कळले.

सकाळी गवंडी बाप्तिस्त सिमेंट कालवत होता तेव्हा एलियेत आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाना, काखेत हवा भरायचा पंप. तिने काठी गवतात टाकली आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. बाप्तिस्तने थोडा वेळ पाहिले, मग शांतपणे पाव खायला बसला. मोरिसेत रस्ता ओलांडून धावत आली.

"एलियेत, ते पिंप रिकामं दिसेल. सगळा देश बघणार आहे."

"मग तू बस त्यावर."

"तुला कधी गावासाठी काही करावंसं वाटलंय का?"

"गावानं मला हसूनच घेतलं पहिल्यापासून. तू पण होतीस त्यात."

मोरिसेत लाल झाली. "मी हसत नव्हते," ती म्हणाली. "मी सायकल मागितली तेव्हा आमच्या बाबांनी थोबाडीत मारली होती. तुझ्याकडे बघवायचं नाही मला."

 एलियेत बोल्टशी झटत होती आणि पाना घसरत होता. मोरिसेतला काही ते पाहवेना.

"उलटा फिरवतेयस," ती म्हणाली. "दे इकडे."

तिने बोल्ट काढले. बाप्तिस्तने पक्कड आणून तारा तोडल्या. मी खाली उतरले, हवा भरून घेतली, आणि झिल गाडीतून येऊन पोचला तोवर एलियेतने माझे हँडल धरले होते. तिने पाय उचलला. पाय दांडीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. खुब्यात बसवलेला धातूचा सांधा त्यापुढे जाईना. तिने पुन्हा उचलला. पुन्हा अडला. ज्या दांडीसाठी ती साऱ्या गावाशी भांडली, तीच आता तिच्या आड आली होती. मला त्या क्षणी मोडून पडावेसे वाटले.

"आई," झिल हळूच म्हणाला, "पुरे आता."

तिने मला जमिनीवर ठेवले. मला वाटले, संपले. पण तिने मला आडवे पाडले होते, अगदी सपाट, गवतावर. मग ती एक पाय टाकून माझ्या दांडीपलीकडे उभी राहिली, खाली वाकली, आणि हँडल धरून मला दोन्ही पायांच्या मध्ये उभे केले. सीट तिच्या खाली आली. 

आम्ही निघालो. रंगलेली चेन करकरत होती, ब्रेक किंचाळत होते, वारा नेहमीसारखाच समोरून होता. झिल मागे थोडा धावला आणि मग थांबला. कालव्याच्या वाटेवर वळताना मोरिसेतचा आवाज आला, "पाठ सरळ ठेव गं, पोत्यासारखी बसू नकोस." बेझिएची खोली दुसऱ्या कोणी घेतली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या खोपटात, जिन्याखाली एखादी जुनी सायकल असेल तर तिला नटवू नका. आमची कीवही करू नका. चेनला तेल द्या, चाकांत हवा भरा आणि आम्हाला रस्त्यावर काढा. पाय वर पोचत नसेल तर आम्हाला खुशाल जमिनीवर आडवे पाडा आणि मग चढा. आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही.