करुणाबाईंचा डावा पाय आणि लिस्बनचा उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. माझा जोडीदार उजवा बूट माझ्या शेजारीच असतो. पण तो मुखदुर्बळ आहे, म्हणून आमची हकिकत मीच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. करड्या जाळीदार कापडाला पांढरा रबरी तळ चिकटवला, आत मऊ गादी बसवली, नाडी ओवली आणि मला खोक्यात ठेवले. तिथून मी छत्रपती संभाजीनगरला, पैठण गेटजवळच्या एका दुकानात आलो. एका संध्याकाळी करुणाबाई आणि त्यांचे यजमान धम्मपालराव दुकानात आले. करुणाबाई देवगाव रंगारीच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. उभा जन्म त्यांनी चपलांवर काढला होता. मला घालून त्या चार पावले चालल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. दुकानदार म्हणाला, "आपा, ले जाओ. गादी पे चलने जैसा लगेगा."

मला वाटले, आता रोज फिरणे होणार. पण हर्सूलच्या घरी आल्यावर मी वर्षभर पलंगाखालच्या खोक्यात पडून राहिलो. "उद्यापासनं जाते फिरायला," असे करुणाबाई रोज म्हणत. पण सकाळी ड्यूटी, संध्याकाळी सासूबाईंची औषधे, मध्येच कुणाचे बाळंतपण. त्यांना स्वतःला आठ वर्षांपासून साखरेचा आजार होता. दवाखान्यात त्याच आजाराच्या माणसांना त्या दटावत, "पाय रोज बघत जा, नायतर गमावून बसाल." स्वतःचे पाय बघायला त्यांना वेळ कुठे होता?

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या मुलाचा, सम्यकचा फोन आला. तो पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात नोकरीला होता. "आई, यंदाचा उन्हाळा माझ्याकडं काढ. आराम कर," तो म्हणाला. धम्मपालराव वर्कशॉपात कामाला होते, त्यांना रजा मिळेना. मग मे महिन्यात करुणाबाई एकट्याच निघाल्या, आणि मी त्यांच्या पायात!

मित्रांनो, त्या शहराचे काय वर्णन करू! ते टेकड्यांवर वसले आहे. रस्ते लहान लहान पांढऱ्या दगडांनी मढवलेले, घरांच्या भिंतींना निळी फरशी. दुतर्फा झाडांच्या जांभळ्या फुलांचा सडा पडे आणि ती फुले माझ्या तळाला चिकटून घरापर्यंत येत. करुणाबाईंनी पहिले दोन दिवस सम्यकचे घर घासूनपुसून काढले. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला. "तू इथं कामाला नाय आलीस," तो म्हणाला.

मग आम्ही भटकू लागलो. भाजीच्या दुकानात बाईने बटाटे तोलले आणि त्यांचे नाव घेतले, "बटाटा!" करुणाबाई थक्क झाल्या. "अगं बाई, हिला मराठी येतं व्हय?" सम्यक हसत सुटला. तो शब्द शेकडो वर्षांपूर्वी इथूनच जहाजातून आपल्याकडे आला, असे त्याने सांगितले. त्यानंतर करुणाबाई त्या दुकानात गरज नसतानाही जात आणि बटाटे मागत.

एका गुरुवारी फिरून परतताना रस्त्यातली दगडाची एक टोकदार कपची माझ्या आत शिरली. प्रत्येक पावलाला ती त्यांच्या तळव्यात रुतत होती. मला ते कळत होते, पण करुणाबाईंना नाही. साखरेमुळे तळव्याची जाणीव बधिर झाली होती. त्या गुणगुणत दोन किलोमीटर चालल्या. मला ओरडावेसे वाटत होते, पण बुटाला आवाज कुठला?

घरी मोजा काढला, तर तो लाल झालेला. करुणाबाईंनी मला उलटे केले. कपची फरशीवर टणकन पडली.  मग त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधली, आणि सम्यकला काहीच सांगितले नाही. कारण दुसऱ्या दिवशी त्याने खास रजा काढली होती. युरोपची जमीन जिथे संपते तिथला महासागर तो त्यांना दाखवणार होता.

सकाळी सम्यक खाली जाऊन थांबला. करुणाबाईंनी माझी नाडी सैल केली आणि पट्टी बांधलेला पाय माझ्यात सारला. मित्रांनो, आपल्यात कुणाचा पाय येऊ नये असे मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटले. त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकले. जखम असूनही काहीच दुखले नाही, तशा त्या खाली बसल्या.

"सम्यक, वर ये रे!"

तो धावत आला. त्यांनी पाय पुढे केला. "लागलंय मला. आन् लागलेलं कळलंच नाय. आपण समुद्र बघायला नाय जायचं. दवाखान्यात जायचं."

"कालच का नाय सांगितलंस?"

"तुझी रजा वाया जाईल म्हणून." त्यांनी मला पायातून ओढून काढले. "किती लोकांना वरडले मी, पाय बघा म्हणून. माझा मात्र मीच नाय बघितला रे."

सम्यकने त्यांचा पाय मांडीवर घेतला. तीस वर्षे लोकांच्या पायांना पट्ट्या बांधणाऱ्या बाईचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी मांडीवर विसावला.

डॉक्टरांनी तीन आठवडे चालायला बंदी केली. मला धुऊन बाल्कनीत उन्हात ठेवले. शेजारी खुर्चीत करुणाबाई, पाय स्टुलावर. पहिल्या दिवशी त्या चारदा उठायला गेल्या. सम्यक म्हणाला, "तुझ्या वॉर्डातला पेशंट असा उठला असता तर?"

"हात धरून बसवला असता," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

त्यांना निवांत बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि किती सुंदर बसल्या त्या! साखरेमुळे अर्धाच पीच घेऊन तो सावकाश खायच्या. दुपारी बिनघोर झोपायच्या. समोरच्या खिडकीत लुर्दिश नावाच्या म्हाताऱ्या बाई दोरीवर कपडे वाळत घालत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. करुणाबाईंनी सम्यकच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवली. लुर्दिशबाईंना जोराचा ठसका लागला, त्या दोन पेले पाणी प्यायल्या आणि हात पुढे करून आणखी मागू लागल्या! रात्रीचे नऊ वाजले तरी तिथे उजेड असे. तो गल्लीच्या टोकाशी दिसणाऱ्या नदीवरून हळूहळू उतरताना करुणाबाई शेवटपर्यंत पाहत.

धम्मपालरावांचा फोन येई. "काय बघितलं आज?"

"गल्ली."

"आन् काल?"

"हीच गल्ली. लई बघण्यासारखी हाय, अहो."

चौथ्या आठवड्यात जखम भरली. करुणाबाईंनी मला जवळ घेतले, आत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला आणि मगच पाय घातला. तेव्हापासून त्यांनी हा नेम एकदाही मोडला नाही. परतण्याआधी त्यांनी तो महासागरही पाहिला. लोक खाली वाळूवर उतरले, त्या मात्र वरच एका दगडावर तासभर बसल्या. बघायचे काही राहून गेले, असे त्यांना वाटतच नव्हते.

त्यानंतर तीन वर्षे आम्ही हर्सूलच्या तलावाकडे रोज फिरलो. वाटेत कितीही ओळखीच्या बायका कामे सांगायला थांबवोत, करुणाबाई म्हणत, "आधी माझी फेरी होऊ दे." आता माझा तळ झिजला आहे. त्यांनी नवा जोड घेतला, पण मला पुसून मांडणीवर ठेवले आहे.

मागच्या आठवड्यात सिल्लोडहून त्यांच्या मोठ्या जाऊ मनकर्णाबाई आल्या. टाचेला चिंधी बांधलेली, आणि ती दिसू नये म्हणून पाय लुगड्याखाली ओढलेला.

"दाखवा की, बाई," करुणाबाई म्हणाल्या.

"राहू दे गं. पायाचं काय बघायचं? पायच त्यो."

करुणाबाईंनी जोर केला नाही. त्या समोर बसल्या, स्वतःचे दोन्ही पाय उन्हात पसरले आणि एकेका बोटाची बेचकी निरखू लागल्या. मनकर्णाबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी हळूच लुगड्याखालून पाय बाहेर काढला आणि म्हणाल्या, "लई दुखतंय गं."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात जी व्यक्ती सगळ्यांच्या मागून जेवते, तिला आज म्हणा, "तुझे पाय बघू दे." ती नको म्हणेल. तुम्ही उठू नका. तिथेच तिच्याजवळ बसून राहा.